घ्यावी, पण उत्तरांचे पान उलटून ठेवावे

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल संघाची सुरुवातीची लाइनअप, म्हणजे कोणते नऊ खेळाडू कोणत्या जागी खेळणार, हे हंगामाआधी कशी ओळखावी, या एकाच विषयाला वाहिलेली मराठी पुस्तिका नाशिकमध्ये विकत मिळते, हे सांगितले तर बहुतेकांना खोटेच वाटते. कॉलेज रोडलगतच्या एका बोळात शाळा-कॉलेजांच्या संघांना ग्लोव्ह, बॅट आणि कॅचरचे (बॅटरमागे राहून चेंडू झेलणाऱ्याचे) साहित्य पुरवणारे एक छोटे दुकान आहे. त्या दुकानाने ही पुस्तिका स्वतःच छापून घेतली असून जानेवारीत ती काउंटरवर येते. किंमत २५० रुपये आहे आणि तेवढ्यातच गंगापूर रोडवरील एका सभागृहात रविवारी होणाऱ्या बैठकीचा प्रवेशही मिळतो. घेणारे तीन प्रकारचे दिसतात : विद्यापीठ पातळीवर बेसबॉल खेळलेले माजी खेळाडू, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकायला असल्यामुळे तिथल्या कॉलेजच्या संघाची गोडी लागलेले आईवडील.

पुस्तिकेचा पहिला भाग अंदाज बांधणे अवघड का आहे हे सांगतो, आणि तो उत्तम उतरला आहे. संघातून कोण जाणार, हे तिथे तीन वाटांनी ठरते. पहिली वाट म्हणजे व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत. तो २०२१ पासून जुलैमध्ये होतो आणि त्यात वीस फेऱ्या असतात. चार वर्षांच्या महाविद्यालयातील खेळाडू तिसरे वर्ष पूर्ण झाले किंवा वय एकवीस झाले की निवडीस पात्र ठरतो, म्हणजे ऐन भरात आलेला मुलगा नेमका तेव्हाच हातचा जातो. शाळेतून येऊ घातलेला होतकरू मुलगाही त्याच ड्राफ्टमधून परस्पर व्यावसायिक संघाकडे जाऊ शकतो. दुसरी वाट ट्रान्स्फर पोर्टलची. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलमुळे महाविद्यालय बदलणे सोपे झाले. २०२१ मध्ये एकदा बदल करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये तीवरची ‘एकदाच’ ही अटही गेली. तिसरी वाट अर्थातच पदवी आणि खेळण्याची मुदत संपण्याची आहे, तिच्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही.

यात आता संघसंख्येच्या मर्यादेची भर पडली आहे. पूर्वी ११.७ शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त सत्तावीस खेळाडूंमध्ये वाटून द्याव्या लागत. महाविद्यालयीन खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, त्या व्यवस्थेत सामील झालेल्या महाविद्यालयांसाठी शिष्यवृत्तीची ही मर्यादा उठली आणि त्याऐवजी संघात चौतीस खेळाडूंचीच मर्यादा आली. पुस्तिकेचे म्हणणे असे की, माणसे कमी म्हणजे शक्यता कमी, म्हणून अंदाज सोपा झाला. मला हे पटत नाही. जागा कमी झाल्या की प्रशिक्षक अननुभवी मुलाला दोन वर्षे बाकावर बसवून तयार करण्यापेक्षा दुसरीकडे तावूनसुलाखून निघालेला खेळाडू घेणे पसंत करतो, आणि मग मागच्या वर्षीचा संघ पाहून यंदाचा ओळखण्याची जी जुनी पद्धत होती तिचा आधारच सुटतो. नावे कमी झाली खरी, पण अनोळखी नावांचे प्रमाण वाढले.

पुस्तिकेचा गाभा म्हणजे तिचा सराव पाठ. त्यात लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा २०२३ चा संघ घेतला आहे : जानेवारी २०२३ पर्यंत जे ठाऊक होते तेवढेच वाचकापुढे ठेवायचे, समोर मैदानाचा कोरा तक्ता द्यायचा आणि वाचकाने नऊ जागा भरायच्या. निवड फार विचारपूर्वक केली आहे. त्या हंगामाआधी हा संघ देशात अव्वल मानला जात होता, त्यामुळे गुणवत्तेची शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की इतक्या चांगल्या खेळाडूंना उभे कुठे करायचे.

सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या भागातील मधल्या जागी) डिलन क्रूझ आणि पहिल्या बेसवर ट्रे मॉर्गन, या दोन जागांबद्दल कोणाला संशय नव्हता. जेकब बेरी आणि केड डाउटी हे दोघे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये गेल्यामुळे इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या जागांत) मात्र खिंडार पडले होते. इकडे नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये पहिल्याच वर्षी २७ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारलेला टॉमी व्हाइट पोर्टलमधून दाखल झाला होता. आधीच्या संघात तो पहिल्या बेसवर किंवा डेजिग्नेटेड हिटर (बचावाला न उतरता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळत असे. घाईत तक्ता भरणारा वाचक त्याला पहिल्या बेसवर लिहून मोकळा होतो, आणि तिथेच पुस्तिका त्याला थांबवते : मॉर्गनसारखा बचाव करणारा खेळाडू असताना त्याला हलवणार कोण? व्हाइटला डेजिग्नेटेड हिटर करावे, तर गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२२ चा संपूर्ण हंगाम गमावून परतणाऱ्या केड बेलोसोची बॅट कुठे बसवायची? म्हणून व्हाइट तिसऱ्या बेसवर. दुसऱ्या बेसच्या जागी, आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात) खेळलेला गॅव्हिन ड्यूगस आत आणायचा, आणि त्यामुळे आउटफिल्डच्या कडेच्या जागा मोकळ्या होऊन तिथे नवी चुरस लागायची. पत्त्यांच्या बंगल्यातला एक पत्ता काढावा आणि चार सरकावेत, तसे हे आहे. लाइनअपचा अंदाज म्हणजे नऊ वेगवेगळे प्रश्न नसून एकमेकांत अडकलेला एकच प्रश्न आहे, ही गोष्ट या पाठाइतकी स्पष्टपणे मी मराठीत कुठे मांडलेली पाहिली नाही.

त्याच संघातील पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्केन्स याचा उल्लेखही योग्य जागी आला आहे. एअर फोर्स अकादमीकडून खेळताना तो पिचिंग करी, कॅचर म्हणूनही उभा राही आणि बॅटिंगही करी. लुइझियानात आल्यावर तो फलंदाजी करणार का, हा प्रश्न त्या जानेवारीत अगदी रास्त होता. प्रत्यक्षात त्याला पिचिंगपुरतेच राखून ठेवले गेले आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला, तर क्रूझ दुसरा निवडला गेला. दोन्ही कामे करणारा खेळाडू तक्त्यात कसा लिहावा, याचे नियम पुस्तिकेने थोडक्यात, पण नेमके दिले आहेत.

इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. तक्रार सुरू होते ती उत्तरांच्या पानावर. तिथे नऊ नावे एका रकान्यात छापली आहेत आणि प्रत्येक बरोबर नावाला एक गुण आहे. म्हणजे ज्याने क्रूझला सेंटर फील्डला लिहिले त्याला एक गुण, आणि ज्याने व्हाइटला तिसऱ्या बेसवर लिहिले त्यालाही एकच. पहिले उत्तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही देता आले असते. दुसऱ्यासाठी तीन खेळाडूंच्या जागांचा एकत्र विचार करावा लागतो. त्याहून खटकणारी गोष्ट कॅचरच्या जागेची आहे. त्या हंगामात ॲलेक्स मिलाझो, हेडन ट्रॅव्हिन्स्की आणि ब्रेडी नील या तिघांनी ही जबाबदारी वाटून घेतली. हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी त्यांतला कोण उभा राहील याचा अंदाज हा जवळपास नाणेफेकीचा विषय होता, आणि ज्या वाचकाने तिघांची नावे लिहून ‘वाटून खेळतील’ असे म्हटले, त्याने संघ सर्वांत नीट ओळखला होता. उत्तरपानानुसार त्याला शून्य गुण मिळतात.

माझ्या मते अंदाजाची परीक्षा पहिल्या सामन्यात किती नावे जुळली यावरून होऊच नये. कोणत्या जागा पक्क्या आहेत आणि कोणत्या जागांसाठी खरोखर झगडा आहे, हे अंदाज करणाऱ्याने आधी सांगितले होते का, यावरून ती व्हावी. टॉमी व्हाइटचाच पुढचा भाग पाहा : हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा खांदा दुखावला आणि काही सामने त्याला बाहेर बसावे लागले. तो परतला आणि त्याच जूनमध्ये ओमाहातील कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये (राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या स्पर्धेत) वेक फॉरेस्टविरुद्ध अकराव्या डावात होमरन मारून त्याने संघाला अंतिम फेरीत नेले. त्याला तिसऱ्या बेसवर लिहिणाऱ्याचा अंदाज त्या काही सामन्यांपुरता चुकला, असे कोण म्हणेल? चालू हंगामासाठी दिलेल्या संघांच्या तक्त्यांतही हाच दोष आहे. सगळी नावे एकाच ठळक टायपात आहेत, त्यामुळे संपादकांना ज्याची खात्री आहे ते नाव आणि ज्यावर त्यांनी डोळे मिटून बोट ठेवले ते नाव, यांत वाचकाला फरक करता येत नाही.

‘रेडशर्ट’ खेळाडूंवरचे, म्हणजे संघात असून एक हंगाम न खेळणाऱ्यांवरचे, प्रकरण लहान, पण वाचनीय आहे. जॉर्जिया विद्यापीठाचा चार्ली कॉन्डन शिष्यवृत्तीशिवाय संघात आला, २०२२ मध्ये एकही सामना खेळला नाही, २०२३ मध्ये २५ आणि २०२४ मध्ये ३७ होमरन मारून ड्राफ्टमध्ये तिसरा गेला. ज्याच्या नावापुढे आकडाच नाही असा खेळाडू अंदाजात कसा धरायचा, याचे पुस्तिकेतले उत्तर असे की, शरद ऋतूतील सरावसामन्यांच्या बातम्यांत त्याला कोणत्या जागी आणि कोणत्या क्रमांकावर खेळवले जाते ते पाहावे. हे उत्तर बरोबर आहे. फक्त प्रशिक्षक त्या सामन्यांत मुद्दाम अदलाबदल करून पाहतात, हा इशारा सोबत हवा होता.

एका गोष्टीसाठी मात्र संपादकांना मनापासून दाद द्यावी लागेल. प्रत्येक संघासाठी दोन तक्ते आहेत : एक फेब्रुवारीच्या मध्यावर होणाऱ्या पहिल्या शुक्रवारचा आणि दुसरा मार्चच्या मध्याचा, जेव्हा मोठ्या कॉन्फरन्सचे (महाविद्यालयांच्या गटांचे) आपापसांतले सामने सुरू होतात. नियमित हंगामात जास्तीत जास्त छप्पन्न सामने असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत प्रशिक्षक माणसे पारखून घेतात, डावखुऱ्या पिचरसमोर दोन बॅटर बदलून पाहतात, मंगळवार-बुधवारच्या सामन्यांत नवोदितांना उतरवतात. दुसरा तक्ता नसता तर पुस्तिका पहिल्याच रात्री शिळी झाली असती. आणि ती रात्र नाशिककरांसाठी खरोखरच रात्र असते : लुइझियानात शुक्रवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे अडीचला लागतो, हे वेळापत्रक शेवटच्या पानावर भारतीय वेळेत छापले आहे, ही मोठी सोय आहे.

रविवारची बैठक पुस्तिकेपेक्षाही सरस वाटली. ती चालवणारा तरुण स्वतः कॅचर म्हणून खेळलेला आहे आणि त्याला समोरच्याला न दुखावता अडवता येते. एका गृहस्थांनी आपल्या मुलाच्या विद्यापीठातील आवडत्या बॅटरचे नाव तीन ठिकाणी सुचवून पाहिले, तेव्हा तो म्हणाला, “काका, तो चांगला आहे हे मान्यच, पण त्याला उभा कुठे करणार, आणि तिथे जो उभा आहे त्याला कुठे पाठवणार?” त्यानंतरचा अर्धा तास सभागृहात दुसरा विषय नव्हता. चहा बरा होता, खुर्च्या कमी पडल्या.

छपाईबद्दल दोन शब्द. कागद जाड आहे, शिलाई टिकाऊ आहे, पण खेळाडूंची नावे एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर वेगळी लिहिली आहेत, त्यामुळे एकच माणूस दोन माणसांसारखा भासतो. पुढच्या आवृत्तीत नावांची सूची द्यावी.

नाशिकमधल्या प्रशिक्षकांना ही पुस्तिका आणखी एका कारणासाठी घ्यावीशी वाटेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी इथला महाविद्यालयीन संघ उभा राहतो, तेव्हा प्रशिक्षकाच्या हाती अमेरिकेसारखा महिनोनमहिन्यांचा सराव नसतो. परीक्षा, प्रवेश आणि उपस्थिती सांभाळून जे येतील त्यांतून नऊजण उभे करायचे असतात. अशा वेळी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू) आजारी पडला तर किती माणसे जागची हलतील, हे आधीच कागदावर मांडून ठेवण्यास मैदानाचा कोरा तक्ता फार उपयोगी पडतो. हे तक्ते दुकानात सुटेही मिळतात आणि त्यासाठी पुस्तिका घेण्याची अट नाही.