किटवर तपासायचं की लॅबला पाठवायचं?

‘पंधरा मिनिटांत रिपोर्ट’ ऐकायला छान वाटतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर लगेच काय करणार आहात, ते आधी ठरवा. प्रत्येक आजारात उत्तर वेगळं येतं.

मलेरियात मी किटच्या बाजूने. बोटाला टोचून थेंबभर रक्त, त्यावर बफर (किटसोबत येणारं द्रव), १५-२० मिनिटांत निकाल आणि औषध तिथल्या तिथे सुरू. रक्ताची काच (स्लाइड) सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा मुरलेला माणूस हाताशी असेल तर तो सरसच, कारण परजीवी कुठला आणि किती हेही तो सांगतो. पण घाईत, कशीतरी वाचलेल्या काचेपेक्षा किट परवडलं. खोच एकच: फाल्सिपेरम (मलेरियाच्या परजीवीचा एक प्रकार) ओळखणारी बरीचशी किट एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात आणि ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. त्यामुळे ‘आता बरा झालो का?’ याला काचच हवी.

किटवरची निकालाची रेघ फिकट आली की लोक पट्टी खिडकीशी नेऊन तिरकी करून बघत बसतात. फिकट असली तरी ती रेघच, पॉझिटिव्हच धरायची. कंट्रोलची रेघ (चाचणी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर मात्र पट्टी बाद. चहा पिऊन तासाभराने वाचलेलीही बाद.

एचआयव्हीत किटची गोम निगेटिव्हमध्ये आहे. बोटाच्या रक्तावरची अँटीबॉडी (संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) चाचणी संसर्गानंतर २३ ते ९० दिवसांनी तो पकडते. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली अँटिजन-अँटीबॉडी चाचणी (अँटिजन म्हणजे विषाणूचाच अंश) १८ ते ४५ दिवसांत. धोका गेल्याच महिन्यातला असेल तर लॅब गाठा. किट पॉझिटिव्ह आलं तरी वेगळ्या चाचणीने पक्कं केल्याशिवाय कुणाला काही सांगू नका.

डेंगीत तापाचा दिवस मोजा. सुरुवातीच्या दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) तपासा, साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम (त्याविरुद्धची अँटीबॉडी). दिवस चुकला की निगेटिव्हला अर्थ नाही. प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) यांसाठी रक्त तपासावं लागतंच, किट काहीही म्हणो.

टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी किट घेऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच ती वापरू नका असं सांगितलंय. जीनएक्सपर्ट ही जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रचाचणी दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देईल का, दोन्ही सांगते. कल्चरला (नमुन्यातले जंतू वाढवून बघायला) काही आठवडे लागतात, पण इतर औषधं लागू पडतील का याचा अंदाज त्यावर येतो. फुप्फुसाच्या टीबीत या दोन्ही चाचण्यांना खाकरून काढलेला बेडकाच द्यायचा. डबीत नुसती लाळ असेल तर ती परत करा आणि सकाळचा नमुना मागा.