वुडपॅनेलवाली जीप रिस्टोअर करायला दिली आणि २३,६२५ डॉलरना चुना लागला

अमेरिकेत ज्यांची कुणाची जुनी जीप किंवा असलीच कुठली फॅमिली गाडी "फुल रिस्टोरेशन"ला एखाद्या शॉपमध्ये पडून आहे त्यांनी हे आधी वाचा, बाकीची कामं नंतर. माझे २३,६२५ डॉलर गेले. शॉपचं नाव टाकत नाही कारण वकील म्हणाला सध्या टाकू नका (त्या सल्ल्याचे ३५० डॉलर, तेही वरच्या आकड्यात धरलेत).

गाडी काकांची. १९८७ ची ग्रँड वॅगोनियर, दोन्ही बाजूंना लाकडी पॅनेल, मागची काच बटणाने खाली टेलगेटमध्ये जाणारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बॉडी १९६३ च्या मॉडेलपासून १९९१ पर्यंत जवळजवळ तशीच चालली, ग्रँड वॅगोनियर हे नाव १९८४ पासूनचं. आणि ते लाकूड लाकूड नसतंच, पत्र्यावर चिकटवलेलं व्हायनिल असतं, कडेने ट्रिमच्या पट्ट्या. व्हायनिलच्या मागे पाणी शिरतं, आमच्याकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे वरून लाकूड चकाचक आणि आत पत्रा कुरतडलेला. काका गेल्यावर काकूंनी चावी माझ्याकडे दिली, म्हणाल्या भंगारात नको घालू रे. मी शब्द दिला.

शॉप शेजारच्या राज्यात, दोन तासांवर. पुढच्या बाजूला एक चकचकीत वॅगोनियर उभी होती, मालक म्हणाला ही आम्हीच केली. (ती कुणा गिऱ्हाइकाची, नुसती ऑइल चेंजला आलेली, हे आता कळलंय.) माणूस जाणकार होता हो, उगीच नाही फसलो. एएमसीचं (जीप बनवणारी जुनी कंपनी) ३६० व्ही-८ इंजिन, टू-बॅरल कार्ब्युरेटर, ७२७ गिअरबॉक्स, सगळं तोंडपाठ. रॉकर पॅनेलवर (दारांखालची पत्र्याची पट्टी) बोटाने टकटक करून म्हणाला, इथे पत्र्याऐवजी फिलर (पुट्टी) भरलंय कुणीतरी, आम्ही असलं करत नाही. मला सांगा, असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल?

एस्टिमेटवर एकच ओळ, फुल रिस्टोरेशन, फॅक्टरी ओरिजिनल, आणि खाली टोटल. एक ओळीचं एस्टिमेट घेऊ नका. फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचा पत्रा) वेगळं, टेलगेट वेगळं, व्हायनिल वेगळं, ट्रिम वेगळी, प्रत्येकापुढे रक्कम.

पहिले ६,५०० कार्डवर दिले. पुढचे ९,८०० बॉडी आणि पेंटसाठी, तेव्हा म्हणाला कार्डवर ३ टक्के जास्त पडतील, चेक द्या. २९४ डॉलर वाचवले मी!! मग ४,२५० व्हायनिल आणि ट्रिम ऑर्डर करायला, तोही चेक, कारण सप्लायर म्हणे आगाऊ मागतो. कार्ड सोडून काहीही देऊ नका, ३ टक्के जाऊ देत.

आता तो फोटो. मी महिनोन् महिने फोटो मागत होतो, कधी पेंटर आजारी, कधी पार्ट अडकलाय, आणि मग एकदम सहा-सात फोटो आले. निळा रंग, नवं लाकूड, फ्लोअरवर गंजाचा ठिपका नाही. मी डोळे भरून पाहिले आणि लगेच फॅमिली ग्रुपवर टाकले, काकूंचा फोन आला, रडत होत्या. सगळ्यांनी बदाम पाठवले आणि एका चुलत बहिणीने विचारलं, आपल्या गाडीला मागे वायपर होता का रे?

नव्हता. मागचा वायपर १९८९ च्या मॉडेलपासून आला. त्याच वर्षी आत छताला कंपास आणि बाहेरचं तापमान दाखवणारं कन्सोल आलं, आणि पुढच्या एका फोटोत आरशाच्या वर तेही दिसतंय, अर्धवट कापलेलं. म्हणजे फोटोतली गाडी आमची नव्हतीच. फोटो अजून फोनमध्ये आहे, टेलगेटवर तो काळा वायपर असा ठसठशीत दिसतो की बघवत नाही. मी काय केलं, शॉपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, फ्री अपग्रेड दिलंय तुम्हाला. आणि मी थँक यू म्हटलं. ओरिजिनल करून द्यायचे पैसे घेतलेला माणूस वायपर फुकट लावून देतोय, तिथेच गाडीत बसून निघायला हवं होतं, पण घरात काकू रडतायत, ग्रुपवर बदाम पडतायत, मला कुठलं सुचतंय. आणि खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांना वायपर कुठल्या वर्षी आला ते पाठ आहे? आता मला आहे.

फोटो मागाल तेव्हा डॅशबोर्डवरची व्हीआयएनची (गाडीचा ओळख क्रमांक) पट्टी प्रत्येक फोटोच्या सेटमध्ये मागा. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष, १९८७ ला एच, १९८९ ला के. एका मिनिटाचं काम.

शेवटी न सांगता गेलो. गाडी शॉपच्या मागे ताडपत्रीखाली. रूफ रॅक गायब, अलॉय व्हील्स गायब, कुठलीतरी गंजकी लोखंडी लावलेली, चारपैकी दोन वेगळ्याच साइजची. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र नवं व्हायनिल! जुन्याच्या वरच चिकटवलेलं, दाराच्या कडेला नख घातलं तर दोन्ही थर एकदम सुटले आणि खालून फिलरचा गुलाबी भुगा माझ्या बुटांवर पडला. खिशात लोहचुंबक होतं, ते रॉकरला कुठेच चिकटेना. ओरिजिनल ट्रिमच्या पट्ट्या कुठे विचारलं तर म्हणे तुटल्या, फेकल्या. धड मिळत नाहीत त्या, हा प्राणी म्हणतो फेकल्या. विकल्या असणार.

गाडी द्या म्हटलं तर स्टोरेजचं बिल पुढे केलं. दिवसाला ४५ डॉलर, एकूण २,३४०. माझीच गाडी, माझ्याच पैशांनी सडवली, वर भाडं. दिले, कारण नाहीतर लिलावात काढीन म्हणाला आणि गॅरेजवाल्यांना तसा हक्क कायद्याने असतो म्हणे. गाडी घरी आणायला फ्लॅटबेड ट्रकचे ३८५ वेगळे.

आता अधिकाऱ्यांची कथा ऐका. पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या माणसाने अर्धं ऐकून हात वर केले, हे सिव्हिल मॅटर आहे. व्हील्स चोरलीत म्हटलं तर म्हणाला गाडी कुणाच्या नावावर? काकांच्या. ते कुठे आहेत? वारले. मग तक्रारदार तुम्ही कसे? काकूंनी सही केलेलं टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) दाखवलं तर म्हणे हे ट्रान्सफर झालेलंच नाही. अरे गाडी चालू झाली की करणार होतो ना, न चालणाऱ्या गाडीचा इन्शुरन्स आणि नंबर घेऊन काय करायचं होतं मला? पण नाही, त्यांच्या लेखी मी कुणीच नाही. (वारशाची गाडी असेल तर शॉपमध्ये टाकायच्या आधी टायटल स्वतःच्या नावावर करा, बंद असली तरी.)

मग आमच्या राज्याचं ग्राहक खातं. ऑनलाइन फॉर्म, पावत्या, फोटो, सगळं चढवलं. उत्तर, शॉप आमच्या हद्दीत नाही, तिकडे तक्रार करा. तिकडे केली. तिकडून कित्येक आठवड्यांनी पत्र, आम्ही फक्त मध्यस्थी करतो, समोरच्याने प्रतिसाद दिला नाही, सबब प्रकरण बंद. म्हणजे चोराने पत्राला उत्तर दिलं नाही की चोर सुटला! फोन केला तर चाळीस मिनिटं संगीत, मग बाई म्हणाल्या तुम्ही खाजगी वकील पाहा. वकील म्हणतो केस भक्कम आहे पण माझी फी वसुलीपेक्षा जास्त होईल. मग ही खाती कशासाठी पोसतो आपण? फॉर्मवर "तुमच्या अनुभवाबद्दल आम्हाला खेद आहे" छापायला? सरकारी टोलवाटोलवी म्हणजे आपल्याकडचीच असं समजून इतकी वर्षं इथे राहिलो, ही तर गोड आवाजात करतात, भांडायचीही सोय नाही.

बँकेची तऱ्हा निराळी. चेक वटलेत, विषय संपला. कार्डवाले ६,५०० तरी मिळतील वाटलं होतं, पण बिलावर लेखी हरकत घ्यायची कायद्यातली मुदत स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवस, आणि आमचा पेंटर तर त्यापेक्षा जास्त दिवस आजारी होता. शॉपवाल्यांना हे पक्कं माहीत असतं, ती पहिली टाळाटाळ असते ना ती त्याच्यासाठीच असते.

स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) जायचं तर मर्यादा आधी बघा, राज्याराज्यात फार फरक आहे, न्यू जर्सीत ५,००० आणि टेक्ससमध्ये २०,०००. आणि जिथे शॉप तिथे खेटे घालायचे, हे गाडी लांब टाकताना कुणाच्या डोक्यात येतं?

ज्यांना वाटतंय मी हावरटपणा केला, स्वस्तात करायला गेलो, त्यांनी कृपया हिशोब बघावा, २०,५५० डॉलर नुसते कामाचे दिलेत, हे स्वस्त आहे का? आता दुसऱ्या एकाला दाखवली, तो नुसत्या फ्लोअर आणि रॉकरचे ११,६०० सांगतोय. तो दर शनिवारी येऊन बघा म्हणाला, बाकी कसा निघतो देव जाणे, यावेळी पैसे काम बघून, कार्डवर. काकूंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. त्यांच्या फोनच्या वॉलपेपरवर ती वायपरवाली गाडी आहे.

त्या शॉपच्या बोर्डावर परवापासून दुसरंच नाव आहे म्हणे, फोन नंबर तोच. तिथे आत अजून दोन वॅगोनियर मी स्वतः पाहिल्यात, एक मरून, एक पांढरी, दोन्हींवर धूळ. त्यातली एखादी तुमच्या कुणाच्या ओळखीतली असेल तर फोन करू नका, सरळ जा, टायटल घेऊन जा आणि टो ट्रक सोबतच न्या.