लोफार, पिएर ओजे की पुणे-उटी: वैश्विक किरणांच्या पोस्टडॉकसाठी कुठे जावं?

पीएचडी हाताशी आली आहे, विषय रेडिओ खगोलशास्त्र किंवा कणभौतिकी आणि घर बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यात. अशा माणसाला वैश्विक किरण (अवकाशातून येणारे प्रचंड ऊर्जेचे कण) रेडिओ अँटेनांनी टिपण्याच्या कामात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचं असेल, तर समोर चार वाटा दिसतात: नेदरलँड्समधली लोफार ही रेडिओ दुर्बीण, अर्जेंटिनातली वैश्विक किरणांची पिएर ओजे वेधशाळा, ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली स्का-लो ही रेडिओ दुर्बीण आणि आपल्याकडचं पुणे-उटी. बहुतेक जण दुर्बिणीच्या आकाराला भुलतात. मी मात्र एवढंच विचारेन: दोन वर्षांत तुमच्या नावाने पेपर निघेल असा डेटा तिथे आज पडून आहे का?

कामाचं स्वरूप थोडक्यात असं. अवकाशातून आलेला एखादा प्रचंड ऊर्जेचा कण हवेवर आदळतो आणि कणांचा वर्षाव सुरू होतो. त्यातले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे विरुद्ध बाजूंना वळतात आणि काही नॅनोसेकंदांचा रेडिओ स्पंद जमिनीवर येतो. १९६५ मध्ये जॉड्रेल बँकला ४४ मेगाहर्ट्झवर तो पहिल्यांदा सापडला. (त्याच वर्षी आपल्या कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, वातावरणातले न्यूट्रिनो पकडले गेले. बेळगावच्या कॉलेजांत हे कुणी सांगत नाही.) पुढे रेडिओ स्पंदांचा विषय जवळपास गुंडाळला गेला. २००५ च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहच्या लोपेस प्रयोगाने तो पुन्हा उभा केला. बहुतेक प्रयोग ३० ते ८० मेगाहर्ट्झमध्येच चालतात, कारण त्याखाली शॉर्टवेव्ह आणि वातावरणाचा गोंगाट, तर वर एफएम स्टेशनांची गर्दी.

लोफारचा गाभा ड्रेंथ प्रांतात एक्स्लो गावाजवळ आहे. सुमारे ३०० मीटर रुंदीच्या गोल उंचवट्यावर, म्हणजे सुपरटर्पवर, शेकडो अँटेना दाटीने उभ्या आहेत. वर्षावाचा रेडिओ ठसा साधारण एवढाच पसरतो, म्हणून तो इथे इतका बारकाईने दिसतो. शेजारचे कणशोधक इशारा देतात आणि अँटेनांच्या बफरमधला कच्चा सिग्नल साठवला जातो. याच पद्धतीने २०१६ मध्ये १० च्या १७व्या घाताच्या आसपासच्या इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला वैश्विक किरणांत हलक्या केंद्रकांचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं गेलं. गट लहान, त्यामुळे पहिलं नाव मिळण्याची शक्यता चांगली. अडचण अशी की लोफार २.० चं अद्ययावतीकरण चालू आहे. मुलाखतीत स्पष्ट विचारा की तुमचं काम जुन्या साठ्यावर असेल की नव्या यंत्रणेवर. जुना साठा मिळाला तर मी आनंदाने घेईन. ज्यांचा हात पायथन, सिग्नल प्रोसेसिंग आणि कोरसिका (कणांचा वर्षाव संगणकावर उभा करणारी प्रणाली) सिम्युलेशनवर बसला आहे, त्यांच्यासाठी ही वाट सरळ आहे.

पिएर ओजेचा पसाराच वेगळा: मेंदोसा प्रांतातल्या मालार्ग्वेजवळ ३,००० चौरस किलोमीटर आणि त्यावर वर्षावातले कण टिपणाऱ्या पाण्याच्या सुमारे १,६६० टाक्या, दीड-दीड किलोमीटर अंतरावर. वेधशाळेच्या ओजेप्राइम या सुधारणा योजनेत या टाक्यांवर रेडिओ अँटेना बसवल्या आहेत. एवढ्या विरळ अँटेनांनी काय दिसणार, असं वाटेल. पण क्षितिजाकडून तिरका येणारा वर्षाव कित्येक चौरस किलोमीटरवर ठसा टाकतो, मग दीड किलोमीटरचं अंतर चालतं. ऊर्जेच्या सगळ्यात वरच्या टोकाला काम करायचं तर हीच जागा. तिथे राहायचं मात्र नसतं. नोकरी कार्ल्सरूह किंवा नेदरलँड्समधल्या नायमेखेनला आणि मालार्ग्वेच्या फेऱ्या. यंत्र हाताळण्याची आवड असलेल्याने इथे जावं.

फक्त लेखकांची यादी पाहून घ्या. ओजेच्या मुख्य पेपरांवर शेकडो नावं वर्णानुक्रमे येतात. पुढे राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्राध्यापकी करायची असेल, तर हे बारीकसारीक नाही. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखकांच्या पेपराचे ७० टक्के गुण पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के ठरवले होते. चारशे जणांतल्या एकाने नेमकं काय केलं, हे निवड समितीला समजावत बसावं लागतं.

स्का-लो पूर्ण झाल्यावर १,३१,०७२ अँटेना असतील, पट्टा ५० ते ३५० मेगाहर्ट्झ. भारतही सहभागी आहे. केंद्राने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. पण वैश्विक किरणांसाठी तिथे कणशोधक आणि ट्रिगर (सिग्नल साठवायचा इशारा देणारी यंत्रणा) वेगळे लागतात. पहिल्या पोस्टडॉकला मी हा धोका पत्करणार नाही, दुसऱ्याला जरूर.

आता घराजवळचं. पुण्याजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटरच्या ३० तबकड्या, जगात नावाजलेल्या. पण तबकडी आकाशाचा छोटा तुकडा बघते आणि वर्षाव कुठूनही येतो. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात सुमारे ४०० सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे शोधक) आणि म्यूऑन या वर्षावातल्या खोलवर शिरणाऱ्या कणांचा मोठा शोधक आहे, रेडिओचं काम मुख्य नाही. म्हणजे पुण्यात रेडिओ शिकाल, उटीत वैश्विक किरण; दोन्ही एका छताखाली हवे तर बाहेर जावं लागेल. तरी उटीला कमी लेखू नका. वळवाच्या ढगांत काय चालतं हे आपल्याकडे दरवर्षी दिसतं. ग्रेप्स-३ ने २०१४ च्या एका वादळात म्यूऑनवरून ढगातलं १.३ अब्ज व्होल्टचं विभवांतर (व्होल्टेजमधला फरक) मोजलं. ढगातलं विद्युतक्षेत्र रेडिओ स्पंदही बिघडवतं आणि लोफारने तोच बिघाड वापरून ढग तपासले. उटीहून लोफारकडे जायला हा चांगला पूल आहे.

आई-वडील थकलेले असतील, शेतीचं बघायला दुसरं कोणी नसेल, तर पुणे रात्रीच्या गाडीवर आहे, हे कारण पुरेसं आहे. त्याला विज्ञानाचा मुलामा द्यायची गरज नाही.

अर्जाचं गणित आधी मांडा. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला दोन वर्षांपर्यंत पैसे मिळतात, पण पीएचडी पूर्ण झालेली लागते. आपल्याकडे प्रबंध देऊन तोंडी परीक्षेची वाट बघण्यात महिने जातात, म्हणून मार्गदर्शकांच्या मागे आतापासून लागा. भारतातल्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला वयाची अट साधारण ३५ ची, आणि प्रबंध सादर केलेल्यांनाही तिथे अर्ज करता आलेला आहे. मारी क्युरीची मुदत सहसा सप्टेंबरात संपते आणि यजमान गटाशी मिळून प्रस्ताव लिहायचा असतो. नायमेखेन किंवा कार्ल्सरूहला पहिला मेल उशिरात उशिरा मे महिन्यात गेला पाहिजे.