चार्जर 'दुरुस्त' झाला आणि आईला अंगणात झिणझिण्या आल्या

नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या घरी २०२० पासून इलेक्ट्रिक गाडी आहे. पहिल्या गाडीबरोबर आलेला १६ अँपिअरचा चार्जर तेव्हापासून पोर्चच्या भिंतीवर आहे. रात्री गन, म्हणजे चार्जरच्या वायरचे गाडीत लावायचे टोक, लावायची, सकाळी काढायची, इतकाच त्याच्याशी आमचा संबंध. यंदा फेब्रुवारीत ती गाडी विकून नवी घेतली. शोरूमवाल्यांनी नवा चार्जर बसवायचा का म्हणून विचारले होते. जुना चालू होता, गनही तीच टाइप टू, म्हणजे दोन्ही गाड्यांत बसणाऱ्या एकाच प्रकारची, म्हणून नको म्हणालो. हा निर्णय चुकीचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो माणूस घरी आला त्याने माझ्या मनातल्या नेमक्या याच शंकेवर पैसे काढले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काहीच त्रास नव्हता. एक रात्र गाडी चार्ज झाली नाही, पण तेव्हा गाडीतच चार्जिंगची वेळ पहाटे दोनची लावलेली होती, ती काढली आणि झाले. खरा त्रास एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. रात्री दहाला गन लावली की चार्जिंग सुरू व्हायचे आणि दहा-बारा मिनिटांत बंद पडायचे. चार्जरवर लाल दिवा, गाडीच्या स्क्रीनवर 'वीजपुरवठा तपासा'. पहाटे चारला उठून पुन्हा गन लावली तर कधी कधी तास-दोन तास चालायचे. शेजारच्या देशपांडे काकांची जुनी गाडी आमच्या चार्जरवर लावून पाहिली, ती व्यवस्थित चार्ज झाली. त्यामुळे माझी खात्रीच पटली की जुना चार्जर आणि नवी गाडी यांचे जमत नाही.

चार्जरच्या डब्यावर कंपनीचा नंबर आणि सिरियल नंबर असलेले स्टिकर आहे. मी ते पाहिले नाही. फोनवर कंपनीचे नाव आणि 'कस्टमर केअर' असे टाकले आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. समोरचा माणूस अतिशय नम्र बोलला. अधिकृत सर्व्हिसवाले आहोत, नागपुरात आमचा माणूस आहे, दुपारी येईल, व्हिजिटचे ६०० रुपये. दुपारी अडीचला एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. त्याने गन लावली, लाल दिवा पाहिला आणि लगेच म्हणाला, "दादा, तुमची गाडी नव्या भाषेत बोलून राहिली, अन् हा डब्बा जुन्या. याचं कम्युनिकेशन कार्ड बदलावं लागते." मी शेजारच्या गाडीचे सांगितले. "तेच तर! जुनी गाडी जुनी भाषा समजते," तो म्हणाला. माझ्याच प्रयोगाचा पुरावा त्याने माझ्याविरुद्ध वापरला आणि मला तो पटला.

कार्डाचे ९,५०० आणि सॉफ्टवेअर भरायचे ३,०००. व्हिजिट धरून १३,१००. तो म्हणाला मेन स्विच बंद करावा लागेल, अर्धा तास कुलर बंद राहील, तुम्ही आत बसा. बाहेर ४४ अंशांचे ऊन होते. मी आत गेलो. चाळीस मिनिटांनी त्याने हाक मारली तेव्हा चार्जरवर हिरवा दिवा होता आणि गाडी चार्ज होत होती. "बोर्डातला आरसीसीबी पण खराब होता, उगाच ट्रिप मारत होता, तो बायपास करून दिला, त्याचे पैसे नको," असेही त्याने सांगितले. आरसीसीबी म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा बोर्डातला स्विच. मला तो माणूस प्रामाणिक वाटला. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले. बिल व्हॉट्सॅपवर येणार होते. काढलेले जुने कार्ड मागितले तर म्हणाला, ते कंपनीत जमा करावे लागते.

पुढचे नऊ दिवस गाडी रोज पूर्ण चार्ज झाली.

दहाव्या दिवशी पहाटे आई अंगणात सडा टाकत होती. अनवाणी पाय, ओली फरशी. वाकून उठताना आधारासाठी तिने गाडीच्या दाराला हात लावला आणि ओरडली. "कायची गाडी आहे रे बापा, मुंग्या आल्या हाताले!" आई ७४ वर्षांची आहे. मी धावत जाऊन चप्पल घालून हात लावला, मला काही जाणवले नाही. आईला भास झाला असेल असे माझ्या तोंडातून निघून गेले. तिने मला चप्पल काढायला लावली. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दाराच्या कडीला बोटे लावली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी मेन बंद केला.

त्या दिवशी मी परवानाधारक वायरमनला बोलावले. साठीचा माणूस. त्याने आधी चार्जर उघडलाच नाही. मीटर काढला आणि गाडीची बॉडी आणि अंगणातली ओली माती यांमधला व्होल्टेज मोजला. २२ व्होल्ट. मग चार्जरचे झाकण उघडले. आतल्या बोर्डावर पाच वर्षांची धूळ जशीच्या तशी होती, एकाही स्क्रूला हात लागलेला नव्हता. कार्ड वगैरे काही बदललेलेच नव्हते. फक्त खालच्या कनेक्टरमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ (गळणारी वीज जमिनीत नेणारी वायर) यांना जोडणारा दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा होता. तेरा हजारांत मला तेवढा तुकडा मिळाला होता.

त्या तरुणाने काय केले होते ते नीट समजून घ्या, कारण ही युक्ती सगळीकडे चालते. घरच्या चार्जरला आपण चार्जर म्हणतो, पण बॅटरीला हवी तशी वीज करून देणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा म्हणजे सुरक्षित स्विच. त्याचे आणि गाडीचे बोलणे अगदी साधे असते. गनमधल्या एका पिनवर १२ व्होल्टचा सिग्नल असतो. गन लावली की तो ९ होतो, गाडीने वीज मागितली की ६ होतो आणि मग आतला रिले, म्हणजे वीज सोडणारा स्विच, बसतो. किती अँपिअर घ्यायचे ते त्याच सिग्नलच्या ठोक्याच्या रुंदीवरून गाडीला कळते. टाइप टूच्या साध्या एसी चार्जिंगमध्ये ही पद्धत जुन्या आणि नव्या गाड्यांना एकच आहे. 'नवी भाषा' हे निव्वळ खोटे होते.

गाडी थांबत होती ती अर्थिंगमुळे. चार्जर आणि कित्येक गाड्या अर्थ ठीक आहे की नाही हे तपासतात आणि शंका आली की वीज घेत नाहीत. आमची नवी गाडी याबाबतीत जुन्यापेक्षा कडक आहे. वायरमनने आमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स, म्हणजे वीज जमिनीत जायला होणारा अडथळा (तो जितका कमी तितके चांगले), मोजला तर तो २०० ओहमच्या वर निघाला. कोळसा-मीठ घातलेला जुना खड्डा, तारेचा जोड गंजून पापुद्रे निघालेला, आणि भोवती आपली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. मार्चमध्ये ठीक चालणारा चार्जर एप्रिलच्या शेवटी का अडला, याचे उत्तर तिथे खड्ड्यात होते. शिवाय रात्री सगळ्या लाइनवर एसी आणि कुलर सुरू झाले की आमच्या न्यूट्रलवर व्होल्टेज चढत होता, म्हणून पहाटे थोडे बरे चालायचे.

अर्थ आणि न्यूट्रल जोडले की ही तपासणी फसते आणि दिवा हिरवा होतो. पण न्यूट्रलवरचा व्होल्टेज मग गाडीच्या बॉडीवर येतो. अर्थची वायर घरभर एकच असल्यामुळे तो फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर, पत्र्याच्या कुलरवरही येतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. आमच्या घरी नऊ रात्री मुले त्या कुलरसमोर झोपली होती. बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल त्या दिवसांत तुटला असता तर २२ ऐवजी २३० व्होल्टपर्यंत आले असते. आणि अशा वेळी ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा आरसीसीबी त्याने आधीच बायपास केला होता. तो खराब नव्हताच. काळा तुकडा जोडल्यावर तो लगेच ट्रिप झाला असणार, म्हणून त्याला वाटेतून काढले.

पैसे गेल्याचा राग आहेच, पण तेरा हजार मी विसरेन. त्याने हे समजून-उमजून केले. ज्याला कुठला तुकडा कुठे जोडायचा हे कळते, त्याला त्याने काय होईल हेही कळते.

खरी दुरुस्ती दोन दिवसांची होती. नवा खड्डा, तीन मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती ओल धरणारी अर्थिंगची पावडर, नवा आरसीसीबी. ७,४०० रुपये, छापील बिलासह. रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आला. वायरमनने लाइनच्या न्यूट्रलची तक्रारही नोंदवायला लावली. लाइनमन येऊन खांबावरचा जोड बदलून गेला, त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थमधला फरक दीड व्होल्ट राहिला. चार्जर तोच, गाडी तीच, त्यानंतर एकदाही लाल दिवा नाही. आता दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो.

त्या नंबरावर फोन केला तर तो बंद. १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार दिली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण तक्रार कोणाविरुद्ध करायची, त्याचे नाव-पत्ता माझ्याकडे नाही. बिल हातात पडल्याशिवाय मी पैसे द्यायला नको होते. तो वायरचा तुकडा मात्र वायरमनने काढतानाचे फोटो आहेत आणि तुकडा पाकिटात जपून ठेवला आहे.

कोणीही चार्जर दुरुस्त करायला आला तर त्याला आधी न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. आमच्याकडे आलेल्याच्या बॅगेत मीटरच नव्हता, नुसता टेस्टर होता. झाकण उघडताना उन्हाची पर्वा न करता जवळ उभे राहा. आरसीसीबी काढायचा म्हणाला तर काम तिथेच थांबवा.

मागच्या रविवारी मनीषनगरातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. त्यांचाही चार्जर जुना, गाडी नवी, आणि मे महिन्यात 'कार्ड' बदललेले. मी त्यांना मेन बंद करायला सांगितले आणि आमच्या वायरमनला फोन लावला. तासाभराने त्याने झाकण उघडले. तसाच काळा तुकडा, दोन इंचांचा. घरातल्या वहिनींनी सांगितले की महिनाभर त्या वॉशिंग मशीनला हात लावताना प्लास्टिकची चप्पल घालत होत्या.