ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: चेक इंजिनचा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या तपासातला अनुभव

डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडता येणारा छोटा ओबीडी (गाडीची स्वतःचे दोष ओळखण्याची अंतर्गत व्यवस्था) स्कॅनर मी गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहे. गाडी बीएस-४ मानकाची पेट्रोल हॅचबॅक असून ती पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. या काळात चेक इंजिनचा पिवळा दिवा दोन निरनिराळ्या कारणांनी लागला. पहिल्या वेळी कोडच (इंजिनाच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक) ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहणाऱ्या भागाचा होता, दुसऱ्या वेळी गॅरेजने संशय सेन्सरवर घेतला आणि दोन्ही वेळा सेन्सर शाबूत निघाला. म्हणून केवळ कोड वाचता येतो एवढ्यासाठी हे उपकरण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोड कोणत्याही गॅरेजमध्ये वाचून मिळतो. चालू इंजिनाचे आकडे शांतपणे, गार इंजिनापासून ते तापेपर्यंत पाहता येणे हा या उपकरणाचा खरा लाभ आहे.

उपकरणाविषयी थोडक्यात सांगतो. बाजारात काही शे रुपयांना मिळणारे बहुतेक स्कॅनर ईएलएम३२७ या मूळच्या कॅनेडियन चिपच्या नकला आहेत, आणि त्यांतल्या अगदी स्वस्त नकला सगळे आदेश पाळत नाहीत किंवा मधूनच जोडणी तोडतात. आयफोन वापरणाऱ्यांनी ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वाय-फायवर चालणारा स्कॅनर घ्यावा, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवरचे हे स्कॅनर आयफोनशी जोडले जात नाहीत. सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा सतत चालू असतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवणे बरे. आपल्याकडे ओबीडी-२ ची व्यवस्था २०१३ पासून बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना अडचण सहसा येत नाही.

आता पहिली घटना. भर पावसाळ्यात दिवा लागला आणि कोड आला पी०१३५, म्हणजे पहिल्या बँकेच्या (सिलिंडरच्या रांगेच्या) पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष. ‘सेन्सर गेला, बदलून टाकू’ हा सल्ला लगेच मिळाला, आणि सेन्सरची किंमत काही हजारांत असते. कोडमधला ‘सर्किट’ हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. इंजिनाच्या संगणकाला फक्त हीटरच्या वाटेवरचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही एवढेच कळलेले असते. ती वाट फ्यूजपासून सुरू होते, वायरिंगमधून आणि कपलरमधून (तारांच्या जोडणीच्या प्लगमधून) जाते आणि शेवटी सेन्सरपर्यंत पोहोचते. यांपैकी काहीही तुटले तरी कोड तोच येतो.

झिर्कोनिया जातीचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि एक्झॉस्टच्या उष्णतेची वाट पाहत बसावे लागू नये म्हणून त्यात हीटर बसवलेला असतो. तापल्यावर तो हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास आणि जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास दाब देतो, आणि निरोगी गाडीत हा आकडा सतत वरखाली होत राहतो. मी सकाळी गार इंजिन सुरू करून आलेख लावला. सेन्सर बराच वेळ ०.४५ व्होल्टजवळ निपचित होता आणि इंजिन ओपन लूपमध्येच, म्हणजे सेन्सरचे न ऐकता ठरावीक पेट्रोलवर, चालत राहिले. मात्र गाडी हमरस्त्यावर काढून एक्झॉस्ट चांगला तापल्यावर तोच सेन्सर उत्तम वरखाली होऊ लागला. न्यूट्रलमध्ये एकदम रेस दिली की आकडा ०.९ कडे जाई आणि पाय काढताच शून्याकडे येई. म्हणजे सेन्सरचा मुख्य भाग ठीक होता, फक्त त्याला ऊब मिळत नव्हती. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकना हा आलेख दाखवल्यावर त्यांनी आधी फ्यूज पाहिला, मग कपलर सोडवून मल्टिमीटर लावला. चार तारांच्या सेन्सरमध्ये बहुधा एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या असतात. त्यांच्यातला रोध मोजला तर थोडेच ओहम आला, म्हणजे हीटर अखंड होता. गाडीकडून येणाऱ्या बाजूला मात्र बारा व्होल्ट मिळत नव्हते. तार मागे मागे शोधत गेल्यावर ती उंदरांनी कुरतडलेली सापडली. जोड देऊन, आवरण चढवून काम संपले.

काही महिन्यांनी दिवा पुन्हा लागला, या वेळी पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्याचा कोड घेऊन. गाडी सिग्नलला उभी असताना किंचित थरथरत होती. इथे फ्युएल ट्रिम हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते हा आकडा दाखवतो. तात्कालिक आणि दीर्घकालीन मिळून तो शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असला तर सहसा काळजी नसते. माझ्या गाडीत आयडलिंगला तो वीस टक्क्यांच्या पुढे होता आणि २,५०० आरपीएमवर धरल्यावर जवळजवळ शून्यावर येत होता. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या) पुढे कुठेतरी चोरून हवा शिरते तेव्हा हे चित्र दिसते, कारण आयडलिंगच्या थोड्या हवेत त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा असतो आणि इंजिन जोरात फिरू लागले की तो नगण्य होतो. उलट पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल तर वेग वाढवल्यावर ट्रिम आणखी चढतो. स्मोक टेस्ट केली, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडला, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डला जोडलेल्या एका रबरी नळीच्या तोंडाशी पडलेल्या चिरेतून धूर निघाला. नळी बदलली आणि ट्रिम जाग्यावर आला. कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धतही सर्रास चालते. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव मारणे मला मुळीच पटत नाही.

ट्रिम वाचताना आपल्याकडे इथेनॉलही लक्षात घ्यावे लागते. शुद्ध पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ ला १ लागते, तर वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ ला १. त्यामुळे जुन्या गाडीत दीर्घकालीन ट्रिम शून्यापासून थोडा प्लसच्या बाजूला सरकलेला दिसला तर तेवढ्यावरून दोष गृहीत धरू नये.

उपकरणाच्या मर्यादाही ठळक आहेत. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या ॲपमध्ये मिळतीलच असे नाही. नव्या गाड्यांत समोरचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या) जातीचा असेल तर वर सांगितलेले व्होल्टचे गणित लागू पडत नाही. तिथे लॅम्डाचा (प्रत्यक्ष मिश्रणाची आदर्श मिश्रणाशी तुलना करणारा) आकडा १ च्या आसपास आहे की नाही ते पाहावे. आणि दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर शोधत बसू नये, गाडी बाजूला घ्यावी. इंजिन जोरात मिसिंग करत असल्याची ती खूण असते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तो जळण्याची शक्यता असते. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कैक पट आहे.

कोड पुसण्याच्या बटणाविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. ते दाबले की कोडबरोबर दोष घडला त्या क्षणाची नोंदही जाते: इंजिनाचा वेग, तापमान, भार. तपासासाठी याहून मोलाची माहिती नसते, म्हणून आधी तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. शिवाय गाडीच्या अंतर्गत चाचण्यांची स्थिती ‘अपूर्ण’ होते आणि शहरातला व महामार्गावरचा प्रवास मिळून काही दिवस झाल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. जुनी गाडी विकत घेताना हीच गोष्ट उपयोगी पडते. माझ्या मेहुण्यांसाठी पाहिलेल्या एका गाडीत दिवा नव्हता, कोड नव्हता, पण कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या दोन्ही चाचण्या अपूर्ण होत्या. बॅटरी नुकतीच काढली असती तरी असे दिसले असते, म्हणून विक्रेत्यावर आरोप न करता आम्ही गाडी आठवडाभर नेहमीसारखी वापरून पुन्हा दाखवण्याची विनंती केली. दुसऱ्या भेटीत पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड नोंदलेला होता, आणि कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचा आलेख स्थिर राहण्याऐवजी पुढच्यासारखाच वरखाली होत होता. कन्व्हर्टरचा खर्च किमतीतून वजा करायला विक्रेते तयार नव्हते, त्यामुळे तो व्यवहार आम्ही सोडला.