अफ्रोबीटचा ब्रास: कीबोर्डवरचा की वरातीतला?

अफ्रोबीट म्हणजे नायजेरियातून आलेलं, लांबलचक चालणारं नाचरं संगीत. नागपुरात त्याचा बँड उभा करायचा तर ड्रमर, बास, दोन गिटार मिळून जातात. गाडी अडते ती फुंकणाऱ्यांपाशी. मग एकतर कीबोर्डवर ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांचे, आवाज लावायचे, नाहीतर लग्नाच्या बँडपथकातली माणसं जोडायची. आम्ही पहिलं वर्ष कीबोर्डवर काढलं. आता ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि युफोनियम (खालच्या सुराचं मोठं पितळी वाद्य) वाजवणारे तिघं आमच्यात आहेत.

कीबोर्डची सोय मोठी, हे आधीच मान्य करतो. तालमीला सहा माणसं, मानधनाचे वाटे सहा, मुंबईला जायचं तर दुरांतोची तिकिटंही सहाच. शिवाय सूर जागचा हलत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ही साधी गोष्ट नाही. पितळ तापलं की सूर चढतो आणि गिटार उतरल्यासारखी वाटते.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. आवाज खोटा वाटतो ही तक्रार सगळे करतात, पण चांगले सॅम्पल (खऱ्या वाद्यांचे मुद्रित आवाज) घेतले की ती बरीचशी मिटते. अफ्रोबीटमध्ये ऑर्गन मात्र थांबून चालत नाही. गिटारच्या फिरत्या ओळीखाली तो सारखा चालू राहतो आणि त्याच्यावर ब्रास येऊन आदळतो. आमचा कीबोर्डवाला ब्रासकडे वळला की ऑर्गन गायब. गाणं जिथे भरून यायला हवं, नेमकं तिथेच पोकळ. कीबोर्ड दोन भागांत वाटून पाहिला, दुसरा मागून आणला. डाव्या हातात ऑर्गन, उजव्यात ब्रास. दोघांचे ठोके वेगळे, आणि दहाव्या मिनिटाला एक हात दुसऱ्याच्या मागे जाऊ लागायचा. अफ्रोबीटचे जनक, नायजेरियाचे फेला कुटी ऑर्गनही वाजवायचे आणि सॅक्सोफोनही, पण मागे जाड, खालच्या आवाजाच्या बॅरिटोन सॅक्सोफोनपर्यंत फुंकणाऱ्यांची रांग उभी असायची. १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालेला अँटिबालास हा अफ्रोबीट बँडही अशीच रांग घेऊन वाढला.

बँडपथकातली मंडळी कागदावरचं नोटेशन वाचतीलच असं नाही. ओळ एकदा गाऊन दाखवा, दुसऱ्यांदा ती त्यांच्या वाद्यातून येते. दमसास तर वरातीत कमावलेला. पहिल्या तालमीत ट्रम्पेटवाल्या काकांनी विचारलं, "भाऊ, हे गाणं संपते केव्हा?" मी म्हटलं, "काका, वरात मांडवात पोचेपर्यंत वाजवायचं." त्यानंतर लांबीबद्दल कधी सांगावं लागलं नाही. सांगावं लागलं ते जागा मोकळी सोडण्याबद्दल. सिनेमाच्या चाली वाजवून त्यांना सूर लांबवायची सवय असते, इथे तो कापावा लागतो. त्यात आमचे दोन महिने गेले.

आणखी दोन अडचणी. त्यांचा ट्रम्पेट बी फ्लॅट या सुराचा. गिटारवाल्यांच्या लाडक्या ई या पट्टीत त्यांची बोटं अडखळतात, म्हणून गाणी एफ किंवा बी फ्लॅटमध्ये बसवा. आणि बॅरिटोन सॅक्सोफोन आम्हाला मिळाला नाही. युफोनियमवर भागवतो. त्याचा आवाज गोल आहे, बॅरिटोनची खरखर त्यात येत नाही, हे मला अजून जाणवतं.

तारखांचं मात्र आधीच ठरवून घ्या. तुळशीचं लग्न लागलं की ही मंडळी लग्नसराईत अडकतात. आम्ही कार्यक्रम घेताना पंचांग पाहतो आणि मुहूर्त नसलेला दिवस धरतो. चातुर्मासात लग्नं नसतात. मारबत, गणपती आणि नवरात्र सोडलं तर ते महिने नवीन गाण्यांचे. मानधनात त्यांचा वाटा आमच्याइतकाच, आणि पोस्टरवर नावही.

वर्षाला कॅफेतले दोन-तीन कार्यक्रम एवढंच मनात असेल, तर कीबोर्ड पुरेल, कदाचित बराही पडेल. लोकांना बारा मिनिटं खुर्चीवरून उठवून ठेवायचं असेल, तर माझ्या अनुभवात एक ट्रम्पेट आणि एक युफोनियम एवढ्यानेही सुरुवात होते. आषाढ लागायच्या आधी बोलून ठेवा, नंतर गणपतीचे विसार सुरू होतात.