तालिबान: मान्यता द्यावी की नुसता संपर्क ठेवावा?

राज्यसेवेची तयारी करणारी भाची या प्रश्नावर अडली होती.

रशियाने जुलै 2025मध्ये तालिबानला अफगाणिस्तानचं अधिकृत सरकार म्हणून मान्यता दिली. भारताने ऑक्टोबरमध्ये काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा दिला, मान्यता मात्र नाही.

मदतीचं म्हणशील, तर भारताचा गहू आणि औषधं मान्यतेविनाही पोचली. खरा फरक माघारीचा. संपर्क कमी करता येतो. दिलेली मान्यता काढून घेणं त्याहून अवघड. पहिल्या तालिबान राजवटीला पाकिस्तान, सौदी अरेबिया, अमिराती या तिघांचीच मान्यता होती, आणि 2001मध्ये ती राजवटच कोसळली. शिवाय सहावीपुढे मुलींना शाळा बंद असताना शिक्कामोर्तब करणं मला पटत नाही.

दहशतवादविरोधी सहकार्य, व्यापार करार लगेच पक्के करायचे असतील, त्याला रशियाची वाट. मदत चालू ठेवून मुलींसाठी दबावही राखायचा, त्याला भारताची.